नाव बदलले आहे

रूपराव उमाट्यांना आता कोणी पत्रकार म्हणत नव्हतं, आणि कोणी लेखक म्हटलं की आपल्यामागे कोण उभं आहे ते बघायला त्यांची मान आपोआप वळायची. वय अठ्ठावन्न, गुडघे मात्र सत्तरीचे. नागपूरच्या एका दैनिकाचे वर्ध्याचे बातमीदार म्हणून त्यांनी चोवीस वर्षं काढली. बैठका, उद्घाटनं, अपघात, कापसाचे भाव, चोऱ्या. रोज संध्याकाळी सहाच्या आत जिल्ह्याचं पान भरायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच पान कुठल्यातरी टपरीवर भज्यांखाली पाहायचं, असा तो संसार. सहा वर्षांपूर्वी मालकांनी वर्ध्याची कचेरी बंद केली, तेव्हा रूपरावांनी ना भांडण केलं ना भाषण. कात्रणांच्या फायली ऑटोत घातल्या आणि घरी आले.

त्यांची बायको प्रमिलाबाई सावंगीच्या एका कॉलेजात वाचनालयात नोकरीला होती. दोन महिने नवऱ्याला पंख्याकडे बघत पडलेलं पाहिल्यावर ती म्हणाली, "लिहायची सवय सुटत नसन तर पोराईसाठी लिहा. मोठ्याईसाठी चोवीस वर्षं लिहून काय उजेड पाडला?"

बायकोचं बोलणं अंगाला लावून न घ्यायची रूपरावांची जुनी सवय. पण हे लागलं. त्यांनी लिहायला घेतलं, आणि त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही इतक्या सहज ते कुमारांसाठी कादंबऱ्या लिहिणारे लेखक होऊन बसले. नयन नावाची तेरा वर्षांची एक मुलगी, वर्ध्याकडच्या खेड्यातली, नाकापेक्षा चौकशा मोठ्या. गावात काही वाकडं घडलं की ती शोध लावते. पहिलं पुस्तक बरं गेलं. दुसरं, 'विहिरीवरचा ठसा', धो धो गेलं. त्याला पुण्यात बक्षीस मिळालं, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की लेखकाची कल्पनाशक्ती थक्क करणारी आहे. रूपराव व्यासपीठावर खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

खरी गोष्ट अशी की रूपरावांपाशी कल्पनाशक्ती नावालाही नव्हती. ते त्यांना ठाऊक होतं आणि प्रमिलाबाईला ठाऊक होतं. चोवीस वर्षं जे घडलं तेच लिहिलेल्या माणसाला न घडलेलं सुचणार कुठून? मग त्यांनी फायली काढल्या. कात्रण घ्यायचं, त्यात नयनला घुसवायची आणि माणसांची नावं बदलायची. पेपरातही हेच करत. बातमीत कोणाचं नाव देणं अडचणीचं असलं की दुसरं नाव घालायचं आणि खाली कंसात लिहायचं, 'नाव बदलले आहे'. तेवढ्यावर संपादक गप्प बसायचे, वकील गप्प बसायचे आणि स्वतःचं मनही गप्प बसायचं. कादंबरीत तर कंससुद्धा लागत नव्हता.

आता तिसरं पुस्तक हवं होतं. पुण्याच्या प्रकाशनातली दिपाली नावाची संपादक मुलगी दर सोमवारी फोन करायची. "सर, शाळांमधून नयनची मागणी आहे. जूनच्या आत हातात हवं." रूपराव हो म्हणायचे आणि फोन ठेवून पडून राहायचे. त्यांना कंटाळा आला होता. नयनचा, फायलींचा, शाळांतल्या टाळ्यांचा, 'सर तुम्हाला हे सुचतं कसं' या प्रश्नाचा. मान दुखायची, डोळे दुखायचे, आणि जे दुखत नव्हतं ते सुन्न झालेलं होतं. माणूस झोपेनं ताजा होतो म्हणतात, पण रूपराव झोपूनही थकलेलेच उठत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास फाटकाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. सत्तरीचा असेल. धोतर, अंगात स्वेटर, काखेत रिकामी पोती. भाजी बाजारात माल उतरवून आलेला माणूस वर्ध्यात कोणालाही ओळखू येतो. डावा हात त्याने दुपट्ट्यात गुंडाळून ठेवला होता.

"रूपरावजी उमाटे इथंच राह्यतात का?"

"मीच. या."

म्हातारा आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. "मी नत्थू. आंजीच्या पल्याड आमचं गाव. वांगे, टमाटे लावतो. तुमी थे बुक लिहेलं हाय ना, विहिरीवरचं?"

शाळेत बोलवायला आला असेल असं रूपरावांना वाटलं. आता गुडघ्याचं कारण सांगावं की डोळ्याचं, याचा ते विचार करू लागले. "हो. वाचलं का तुम्ही?"

"मले कुठं वाचता येते. शेजारच्या पोट्ट्यानं वाचून दाखोलं." नत्थूने दुपट्टा सोडला आणि डावा हात पुढे केला. अंगठा आणि दोन बोटं. बाकीची दोन मुळापासून नव्हती. "कडबा कापाच्या मशीनमंदी गेली. चाळीस वर्षं झाली."

'विहिरीवरचा ठसा' ही सगळी गोष्ट त्या हातावर उभी होती. विहिरीवरची मोटर चोरीला जाते, काठच्या चिखलात नयनला डाव्या हाताचा ठसा दिसतो, तीनच बोटांचा. ती माग काढत वर्ध्याच्या बाजारात पोहोचते आणि तिथं तानबा नावाचा भाजीवाला सायकलवर वांग्यांच्या पोत्याखाली मोटर लपवून नेताना पकडला जातो. कात्रणात नत्थू होता. रूपरावांनी त्याचा तानबा केला होता. बोटं, वांगी, सायकल, सगळं होतं तसंच ठेवलं होतं, कारण त्यातच तर मजा होती. खेड्यात माणूस नावानं कमी आणि खुणेनं जास्त ओळखला जातो, हे जन्म वर्धा जिल्ह्यात काढलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

"थे मोटर माह्या साळ्याची होती, साहेब," नत्थू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगावी तसं तो सांगत होता. "जळली होती. वर्ध्याले वाइंडिंगले नेऊन राह्यलो होतो. रस्त्यात पकडलं. दोन वर्षं केस चालली. वाइंडिंगवाल्यानं साक्ष देल्ली, साळ्यानं पावती दाखोली. कोर्टानं सोडलं. आता सोळा वर्षं झाले. लोकं विसरले होते. नवे पोट्टे तर काही जाणतच नव्हते."

"मग?"

"मंग तुमचं बुक आलं. शाळेत तास असते वाचनाचा, गुरुजी मोठ्यानं वाचून दाखोतात. पोट्ट्याईनं लगेच वळखलं. माही नात गुंजन, सातवीत हाय. तिले पाहून तीन बोटं दाखोतात. दहा दिवस झाले, शाळेत जात नाई. माह्याशी बोलत नाई. मी वाढलेलं खात नाई."

रूपराव म्हणाले, "मी पुण्याला कळवतो, नत्थूभाऊ. पुढच्या आवृत्तीत बदल करता येईल. नाहीतर पेपरात एक खुलासा..."

"छापू नोका काई," नत्थू म्हणाला. "तुमचं छापणं झालं. घरी या आन् पोरीले सांगा. मी सांगतलं तिले, कोर्टाचा कागदबी दाखोला. थे म्हणते बुकात तं असं नाई हाय. तिचा बुकावर इस्वास हाय, माह्यावर नाई. तुमी लिहेलं हाय, तं तुमीच सांगा."

चहासाठी तो थांबला नाही. भाजीची ऑटो परत निघायची होती.

तो गेल्यावर रूपरावांनी फाईल काढली. खरं तर काढायची गरज नव्हती, आत काय आहे ते त्यांना माहीत होतं. 'मोटरपंप चोर जेरबंद', दोन कॉलम, पोलिसांच्या प्रेस नोटवरून शब्दाला शब्द उतरवलेली बातमी. नत्थूला ते तेव्हा भेटले नव्हते. त्याच्या गावाला गेले नव्हते. आणि कात्रणाच्या मागे टाचणीने लावलेला निकालाचा कागद, दोन वर्षांनंतरचा. त्याच्या कोपऱ्यात रूपरावांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'स्वतः आणून दिला. जागा नाही, नंतर पाहू.'

म्हणजे तो माणूस तेव्हाही आला होता. कचेरीतल्या बाकावर बसला असेल, दुपट्ट्यात हात गुंडाळून. रूपरावांना त्याचा चेहरा आठवेना, आणि याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. पकडल्याची बातमी होते, सुटल्याची होत नाही, हा धंद्याचा रिवाज त्यांनी कधी तपासून पाहिला नव्हता.

त्याहून वाईट पुढेच होतं. तीन वर्षांपूर्वी, कादंबरी लिहायला फाईल उघडली तेव्हा हा कागद त्यांनी वाचला होता. टाचणी अंगठ्याला टोचली होती तेही आठवत होतं. 'निर्दोष मुक्तता' हे दोन शब्द वाचून त्यांनी कागद पुन्हा मागे ढकलला होता, कारण गोष्टीला चोर हवा होता आणि सुटलेला माणूस गोष्टीच्या कामाचा नव्हता.

दुपारी त्यांनी दिपालीला फोन केला. ती हुशार मुलगी, लगेच मुद्द्यावर आली. "तो माणूस कोर्टात जाणार आहे का, सर?"

"नाही."

"मग एवढं काय. पुढच्या आवृत्तीत बोटांऐवजी दुसरी काहीतरी खूण घालू. लंगडतो म्हणू. तुम्ही तिसऱ्या भागाचं बघा ना."

लंगडणारा माणूसही कुठल्यातरी गावात असेलच, असं रूपरावांच्या तोंडावर आलं होतं. पण बोलायचं त्राण नव्हतं. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी प्रमिलाबाई कामावरून आली. तिने सगळं ऐकून घेतलं, निकालाचा कागदही वाचला. "पत्र लिहून पाठवतो त्या मुलीला," रूपराव म्हणाले. "नीट, सविस्तर."

"लिहाचंच सुचते तुमाले," ती म्हणाली. "जा ना तिथं. पाय हायेत अजून."

सोमवारी दुपारी ते आर्वीच्या बसमध्ये बसले. खिडकीबाहेर गहू पिवळा पडत होता. काय बोलायचं त्याची त्यांनी मनात जुळवाजुळव सुरू केली. मुलांपुढे बोलायची त्यांना सवय होती, पन्नासेक शाळा झाल्या होत्या. गैरसमज झाला म्हणावं. कधीकधी लेखकाकडून चूक होते म्हणावं. योगायोग हा शब्दही त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आंजीला उतरून ऑटो मिळेपर्यंत ते इतके दमले की परत जाणारी बस समोर उभी राहिली तेव्हा तिच्याकडे दोनदा पाहून झालं.

नत्थूचं घर गावाच्या टोकाला, मागे वांग्याचं वावर. नत्थूची बायको कुंताबाई अंगणात भाजी निवडत होती. तिने पाहुण्यांना पाणी दिलं, खाट टाकली, पण चेहऱ्यावर स्वागत नव्हतं आणि ते नसल्याचं रूपरावांना बरंच वाटलं. नत्थू हात धुऊन आला आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला टेकला. त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "गुंजन. थे आले बेटा. बुकवाले."

मुलगी दारात आली. दोन वेण्या, अंगात शाळेचा नाही तर घरचा फ्रॉक. हातात पुस्तक होतं, 'विहिरीवरचा ठसा', कोपरे मुडपलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेली. एवढं वाचून झिजलेलं आपलं पुस्तक रूपरावांनी आजवर पाहिलं नव्हतं. एरवी त्यांना केवढा आनंद झाला असता.

"तुमीच लिहिलं हे?" तिने विचारलं.

"हो."

"पाच वेळा वाचलं मी. पहिल्या चार वेळा आबाजी त्यात हायेत हे मले समजलंच नाई." ती नत्थूकडे पाहत नव्हती. "शाळेतल्या पोराईनं सांगतलं."

रूपरावांनी जुळवलेलं सगळं डोक्यातून गेलं. "तुझ्या आबाजींनी मोटर चोरली नव्हती, गुंजन. ती त्यांच्या साळ्याची होती. कोर्टाने त्यांना सोडलं. ते चोर नाहीत आणि कधीच नव्हते."

कुंताबाईचे हात भाजीत थांबले. गुंजनने हातातलं पुस्तक पुढे केलं.

"मंग तुमी तसं काऊन लिहिलं?"

"चुकलं माझं."

"तुमाले माहीत नव्हतं का?"

"कसं माहीत राहीन बेटा," नत्थू मध्येच म्हणाला. "साहेब शहरात राह्यतात. पोलिसाईनं सांगतलं थे त्याईनं लिहिलं. त्याईले काय सपन पडते?" म्हातारा रूपरावांकडे पाहून हलकेच हसला. सोळा वर्षांपूर्वी आपण स्वतः कागद घेऊन यांच्या कचेरीत गेलो होतो हे तो विसरलेला नव्हता, त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. तरी तो रूपरावांना झाकत होता. पाहुण्याचा पाणउतारा घरच्या पोरीपुढे होऊ नये एवढंच त्याला वाटत असावं. रूपरावांनी नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. नत्थू सुटला असता, मुलगी शाळेत गेली असती आणि तेही पाचच्या बसने घरी गेले असते.

"माहीत होतं," रूपराव म्हणाले.

ते पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरुवात झाली नसती. "आबाजी सुटले तेव्हा कागद घेऊन माझ्याकडे आले होते. बातमी छापा म्हणून. मी छापली नाही. जागा नाही म्हणालो. आणि हे पुस्तक लिहिताना तो कागद माझ्यासमोर होता. मी वाचला आणि बाजूला ठेवला. नाव तेवढं बदललं. मला वाटलं, नाव बदललं की झालं."

नत्थू खाली जमिनीकडे पाहत होता. कुंताबाईने पदर तोंडाला लावला. सोळा वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून माणसाला बरं वाटतं की अजून वाईट वाटतं, हे रूपरावांना तिच्या तोंडावरून कळेना.

गुंजन आली आणि नत्थूजवळ खाटेवर बसली. त्याचा डावा हात तिने ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पुस्तक खाटेवर ठेवलं. नत्थूने उजव्या हाताने दुपट्टा डोळ्यांना लावला, तेव्हा रूपरावांनी वावराकडे पाहिलं. ज्यासाठी आले होते ते काम झालं होतं. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागले.

"नयनले माहीत हाय का?" गुंजनने विचारलं.

रूपराव अर्धवट उठलेले तसेच राहिले. "काय?"

"तिनंच तं पकडून देल्लं आबाजीले. ठसा पाहून. सगळ्या गावानं तिले खांद्यावर घेतलं, शेवटच्या पानावर. तिले माहीत हाय का, थो चोर नव्हता म्हणून?"

"नाही," रूपराव म्हणाले. "तिला माहीत नाही."

"मंग तिले सांगा ना."

जूनच्या आत हातात हवं, दिपाली म्हणाली होती. त्या पुस्तकात नयन काय करणार हे इतके महिने रूपरावांना सुचत नव्हतं. आता समोर आलं, आणि ते लिहायच्या विचारानेच त्यांच्या अंगातलं उरलंसुरलं बळ गेलं. ज्या मुलीला हजारो पोरं शूर समजतात, तिने एका निर्दोष माणसाला बाजारात चारचौघांत पकडून दिलं, हे तिला सांगायचं. पुणेकर घेणार नाहीत. शाळा घेणार नाहीत. ते पुन्हा खाली बसले.

"लहान आहे गं ती," त्यांनी म्हणून पाहिलं. "तेरा वर्षांची. हे समजलं तर तिला फार वाईट वाटेल."

गुंजनने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"मी बारा वर्षांची हाओ," ती म्हणाली.